अंधेरी, बोरिवली, मुलुंड हे एक बेट आहे. मग इथल्या शेतकऱ्यांची जमीन गेली कुठे?

अंधेरी पूर्वेला सीप्झच्या फाटकातून रोज हजारो लोक कामाला आत जातात. आत आयटी कंपन्या आहेत, हिऱ्यांचे आणि दागिन्यांचे कारखाने आहेत. आणि याच आवारात, झाडाझुडपांत, एका जुन्या चर्चच्या पडक्या भिंती उभ्या आहेत.

सोळाव्या शतकातलं हे चर्च कोंडिविटे गावाचं. १८४० च्या सुमारास साथ आली आणि लोक उठून मरोळला गेले. पुढे १९७३ मध्ये इथे निर्यातीसाठी सीप्झ झालं आणि चर्च कुंपणाच्या आत अडकलं. आता वर्षातून एकदा आसपासच्या गावठाणांतले ख्रिस्ती लोक परवानगी घेऊन आत जातात, मिस्सा होते आणि फाटक पुन्हा बंद होतं.

ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, तिथे पाऊल ठेवायला परवानगी का लागते? याचं उत्तर एका सीप्झपुरतं नाही. ते सगळ्या उपनगरांच्या जमिनीच्या कागदांत आहे.

आधी हे बेट कोणतं ते पाहू

'सात बेटांची मुंबई' हे आपण शाळेपासून ऐकतो. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांचा त्या सात बेटांशी काही संबंध नाही. (याबद्दलचे व्हायरल नकाशे हमखास चुकतात.) माहीमच्या खाडीपलीकडे एक वेगळं आणि त्या सातांपेक्षा कितीतरी मोठं बेट आहे. त्याचं नाव साष्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, वर वसईची खाडी. आजचं मुंबई उपनगर, ठाणे शहराचा बराचसा भाग आणि मीरा-भाईंदर या बेटावर आहेत. सासष्ट म्हणजे ६६ गावं, त्यावरून साष्टी, असं नावाबद्दल सांगितलं जातं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायनचा कॉजवे झाला आणि १८४५ मध्ये माहीमचा. त्याआधी या बेटावरून मुंबईत यायचं तर होडी लागायची.

बेटावर कुणबी, आगरी, कोळी, भंडारी, वारली अशी वस्ती होती. मुख्य पीक पावसाळी भात. डोंगरउतारावर नाचणी, किनाऱ्याला ताड-माड, मधे आंब्याच्या बागा, खाडीकडेला मिठागरं. नावं अजूनही हे सगळं सांगतात. 'खार' म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन, 'पाडा' म्हणजे आदिवासींची वस्ती, 'पाखाडी' म्हणजे गावातली आळी.

यातली खारजमीन नीट समजून घ्यायला हवी, कारण बेटावरच्या गावांचं एकमेकांशी नातं तिथे घडलं. खाडीच्या कडेला मातीचा बांध घालायचा, भरतीचं पाणी अडवायचं, मग दोन-तीन पावसाळे माती धुऊन निघू द्यायची. त्यानंतर तिथे भात पिकतं. पण बांध एका ठिकाणी जरी फुटला तरी खारं पाणी फक्त एकाच्या शेतात शिरत नाही, ते सगळ्यांच्या शेतात शिरतं आणि जमीन पुन्हा काही वर्षं नापीक होते. म्हणून बांधाची डागडुजी हे सगळ्यांचं काम. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यात अशा बांधून काढलेल्या जमिनींसाठी 'शिलोत्री' नावाची वेगळी धारापद्धतच होती. लावणीच्या दिवसांतही तसंच. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या माझ्या. कोकणात याला सावड म्हणतात. मजुरी देऊन माणसं लावण्याएवढा पैसा लहान शेतकऱ्याकडे नसायचा, त्यामुळे शेजाऱ्याशी भांडण परवडत नसे.

नांगर एकाचा, कागद दुसऱ्याचा

साष्टी १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली. त्यांनी गावंच्या गावं सरदारांना आणि ख्रिस्ती धर्मसंघांना ठरावीक वार्षिक रकमेवर दिली. त्यांच्या कागदांत इथल्या कुणबी शेतकऱ्याचा उल्लेख 'कुरुंबीन' असा येतो. जमीन कसणारा तो, पण जमिनीच्या व्यवहारात त्याला कुणी विचारत नव्हतं. (त्याच काळात खुद्द मुंबई बेट गार्सिया द ओर्ता नावाच्या एका डॉक्टरला भाड्याने दिलेलं होतं. मुंबईतल्या भाड्यांबद्दल तक्रार करताना हे आठवायला हरकत नाही.)

१७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली.

आजच्या उपनगरांच्या सातबाऱ्यावर ज्या काळाची सर्वात मोठी सावली आहे, तो काळ यानंतरचा. बेटावर पडीक जमीन भरपूर होती आणि कंपनीला ती लागवडीखाली आणायची होती. त्यासाठी तिने मुंबईतल्या धनवान व्यापाऱ्यांना गावं द्यायला सुरुवात केली. या कराराला 'कौल' म्हणत.

१८०८ मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ला, मोहिली, मरोळ, सहार, असल्फे अशी गावं मिळाली. कशाच्या बदल्यात? मुंबईच्या किल्ल्यात अपोलो गेटजवळ असलेल्या त्यांच्या एका जागेच्या बदल्यात. म्हणजे फोर्टातला एक तुकडा आणि त्याच्या मोबदल्यात आजच्या कुर्ल्यापासून विमानतळापर्यंतचा पट्टा. १८३० मध्ये बैरामजी जीजीभॉय यांना उत्तरेकडची गावं मिळाली. वांद्र्याच्या बँडस्टँडजवळचा बी. जे. रोड त्यांच्याच नावाचा. त्याच सुमारास पवई फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे गेली. त्यांनी तिथे ऊस, नीळ, आंबा असे बरेच प्रयोग केले आणि १८३८ मध्ये पवईचे आंबे राणी व्हिक्टोरियाला पाठवले.

या लोकांनी विहिरी खोदल्या, बागा लावल्या, हे खरं आहे. पण गावात आधीपासून राहणारा, भात पिकवणारा माणूस या करारात कुठे होता? तो कुळ झाला. खंड भरणारा. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं तो कुळच राहिला.

कसेल त्याची जमीन, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवं होतं. कोकणातल्या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला.

साष्टीसाठी १९५१ मध्ये वेगळा कायदा आला. साष्टी इस्टेट (जमीन महसूल माफी रद्द करणे) अधिनियम. नाव नीट वाचा. रद्द काय झालं? महसुलाची माफी. १४ ऑगस्ट १९५१ पर्यंत लागवडीखाली किंवा वापरात न आणलेली पडीक जमीन सरकारकडे गेली. बाकीची जमीन इस्टेटवाल्यांकडेच राहिली, फक्त आता त्यांना सारा भरावा लागणार होता. जे कौलाने आले होते, ते नव्या व्यवस्थेत रीतसर धारक म्हणून कायम झाले. 'पडीक' म्हणजे नेमकी कोणती जमीन, यावरून सरकार आणि इस्टेटवाले पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले.

आता कुळांकडे येऊ. १९४८ च्या कुळकायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कुळ म्हणून जमीन कसत होता, त्याने ती जमीन विकत घेतली असं कायदा मानणार होता. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार. गावाकडे अजूनही '३२-ग झालं का?' असं विचारतात, ते हेच.

पण त्याच कायद्यात एक ४३-सी नावाचं कलम आहे. कुळाला मालक करणारी ही कलमं बृहन्मुंबई महापालिकेच्या आणि इतर नगरपालिकांच्या हद्दीतल्या जमिनींना लागू होणार नाहीत, असं ते सांगतं. कुळाला आधीपासून असलेलं संरक्षण कायम राहिलं, सहजासहजी कुणी त्याला हुसकावू शकत नव्हतं. पण मालकी आपोआप मिळणार नव्हती.

आणि महापालिकेची हद्द कधी वाढली? पहिल्यांदा १९५० मध्ये. तेव्हा अंधेरीपर्यंतचा भाग शहरात आला. दुसऱ्यांदा १ फेब्रुवारी १९५७ ला, दहिसर आणि मुलुंडपर्यंत.

तारखा पुन्हा पाहा. १ फेब्रुवारी १९५७ ला बोरिवली आणि मुलुंडची शेतं मुंबई शहरात आली. १ एप्रिल १९५७ ला हा कायदा लागू असलेल्या खेड्यांमधली कुळं मालक झाली. मधे दोन महिने.

हद्दवाढ मुद्दाम त्यासाठी झाली, असं मी म्हणत नाही. शहर वाढतच होतं आणि तो निर्णय स्वतंत्रपणे चालला होता. पण परिणाम व्हायचा तोच झाला. एक्सरमध्ये गुडघाभर चिखलात भात लावणारा माणूस कायद्याच्या भाषेत शहरी झाला होता.

याचं मोल किती, हे खाडीपलीकडे पाहिलं की कळतं. आज जिथे नवी मुंबई आहे तिथे तेव्हा ग्रामीण ठाणे आणि कुलाबा होतं. तिथल्या आगरी-कोळी कुळांना कृषक दिनाचा लाभ घेता आला. १९७० नंतर सिडकोसाठी तीच जमीन संपादित झाली तेव्हा ते जमीनमालक म्हणून उभे राहू शकले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ती योजना सगळ्यांना नीट मिळाली असं नाही, तो वेगळा विषय. पण साष्टीतल्या कुळाला अशी मागणी करायची तर आधी 'तू मालक आहेस का?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं.

जगात बेटांवरच्या लहान शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळ्या पद्धतीनेही सुटलेला आहे. स्कॉटलंडच्या बेटांवर जमीनदार भाडेकरू शेतकऱ्यांना हाकलत होते. १८८० च्या दशकात स्काय बेटावर उठाव झाला आणि १८८६ मध्ये कायदा आला. या लहान शेतकऱ्यांना तिथे 'क्रॉफ्टर' म्हणतात. त्यांना वारसाहक्कासह कायमची वहिवाट मिळाली, खंड वाजवी ठरवण्याची सोय झाली. चराऊ कुरणं सामायिकच राहिली. १९९७ मध्ये तर एग बेटावरच्या रहिवाशांनी वर्गणी आणि देणग्या गोळा करून अख्खं बेट विकत घेतलं. तिथे समुद्राच्या बाजूने शहर चाल करून येत नव्हतं, हा फरक मात्र विसरून चालणार नाही.

ज्यांची स्वतःची होती, त्यांचं काय?

सगळेच कुळ नव्हते. अनेक आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांकडे स्वतःच्या नावावर एकर-दोन एकर होतं. त्यांच्यासाठी १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. मोठमोठ्या जमिनी काही मोजक्या लोकांच्या हाती राहू नयेत, हा हेतू. मुंबईत एका व्यक्तीला ५०० चौरस मीटरपर्यंत मोकळी जमीन ठेवता येणार होती.

एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एका एकराचा धनी या मर्यादेच्या आठपट जमीनवाला ठरतो. 'पण मी शेती करतो' हे सांगून भागत नव्हतं, कारण विकास आराखड्यात ती जमीन शेतीशिवाय दुसऱ्या वापरासाठी दाखवली असेल तर कायदा तिला शेतजमीन मानत नव्हता. आणि उपनगरांच्या आराखड्यात शेतीसाठी किती जागा दाखवली असेल, हे तुम्हीच ओळखा.

कायद्यात सवलतींची कलमं होती, ती वापरायला वकील आणि मंत्रालयाच्या फेऱ्या लागत. ज्यांना ते जमलं नाही, त्यांनी जमीन मिळेल त्या भावात बिल्डरला देऊन टाकली. महाराष्ट्राने हा कायदा २००७ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतला. तोवर राखायला फारसं उरलं नव्हतं.

उरलं ते गावठाण

मग आज मरोळ, सहार, आंबोली, बाभई, वझिरा, किरोळ इथे टॉवरच्या मधोमध उतरत्या छपराची घरं आणि बोळ दिसतात, ते कसे टिकले?

कारण गावठाण. गावात घरांसाठी राखलेली जागा. ती शेतजमीन नाही, त्यावर शेतसारा नाही, त्यामुळे तिला सातबारा नसतो. इस्टेट, कुळकायदा, कमाल धारणा हे सगळं शेताबद्दल चाललं होतं. शेत गेलं, घर राहिलं. आणि घराभोवती गाव राहिलं.

ईस्ट इंडियन समाजाचं उदाहरण घ्या. हे साष्टी-वसईचे मूळ मराठी बोलणारे ख्रिस्ती. अरबी समुद्राच्या काठी राहूनही 'ईस्ट इंडियन', कारण १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपण बाहेरून आलेल्यांपेक्षा वेगळे आहोत हे दाखवायला त्यांनी ते नाव घेतलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत 'उंबराचं पाणी' आणणं, घराघरांत कुटला जाणारा बॉटल मसाला, फुग्या, हे सगळं अजून आहे. गावागावांत क्रूस आहेत, त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले. त्याच बोळाच्या दुसऱ्या टोकाला गावदेवीचं देऊळ असतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या आणि आशीर्वाद घ्यायचा. हा सुगीचा सण आहे. अंधेरी-वांद्र्याच्या गावठाणांत आता भाताचं शेत नाही, म्हणून लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. सण मात्र चुकत नाही.

गावठाणाचीही दुखणी आहेतच. सीमा जुन्या मोजणीत ठरली, कुटुंबं वाढली, सीमा तिथेच. पोराने शेजारच्या आपल्याच शेतात घर बांधलं तर ते गावठाणाबाहेर, म्हणून अनधिकृत. मिळकत पत्रिकेवर पणजोबांचं नाव आणि हक्कदार तीस-चाळीस. दाटीवाटीमुळे कुणी या वस्तीला सरळ झोपडपट्टी समजतं आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना सर्वाधिक राग याचाच येतो. २०३४ च्या विकास आराखड्यावेळी गावठाण, कोळीवाडे आणि आदिवासी पाड्यांच्या सीमा नीट आखा, ही मागणी म्हणूनच लावून धरली गेली.

ज्यांच्याकडे कागदच नव्हता

गावठाणवाल्यांकडे निदान मिळकत पत्रिका आहे. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरच्या वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबांकडे बहुतेक तेही नाही. भात, भाज्या, रानातली कंदमुळं आणि वाघोबाचं देवस्थान, असं त्यांचं जगणं. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत झाली आणि सुमारे १,२८७ हेक्टर जमीन दुग्धविकास खात्याकडे गेली. पाडे तिथे आधीपासून होते, पण कागदावर जागा सरकारची.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पिढीजात कसणाऱ्याला हक्क मागता येतो, पण तो वनजमिनीवर. आरे सरकारी नोंदीत वन नव्हतं, हीच तर अडचण. २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी रात्रीत झाडं तोडली गेली तेव्हा वादही याच शब्दाभोवती फिरला: आरे जंगल आहे की नाही? २०२० मध्ये सरकारने आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय घेतला. झाडांना संरक्षण मिळालं. पण राखीव वनात कसणाऱ्याचे हक्क आधी ठरवावे लागतात, नाहीतर तोच अतिक्रमण करणारा ठरण्याची भीती असते.

आणि जिथे शेत अजून आहे

बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई आणि मनोरी. मुंबई महापालिकेच्याच हद्दीत, पण बोटीने पाच-दहा मिनिटं लागतात, आणि त्या पाच-दहा मिनिटांनी बरंच वाचवलं. इथे भाजीचे मळे आहेत, माड आहेत, सुकत घातलेली मासळी आहे. १९८९ मध्ये इथे एस्सेलवर्ल्ड आलं. २००० च्या दशकात या भागात विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला तेव्हा गोराई, मनोरी, उत्तन इथले शेतकरी आणि कोळी एकत्र उभे राहिले. गोराईला थेट पूल हवा की नको, यावर गावात दोन मतं आहेत. रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर पूल हवा. पूल झाला तर जमिनीचं काय होईल, हे मुख्य भूभागाकडे बघून सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या घरचा कागद कुठे शोधायचा?

तुमचं कुटुंब साष्टीतल्या एखाद्या गावचं असेल तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: घराची जागा आणि शेत. घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. त्यासाठी सीटीएस क्रमांक लागतो. शेतासाठी जुना सर्व्हे नंबर शोधा आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयात जुने सातबारे आणि फेरफार मागा. सातबाऱ्यावर फक्त मालकाचं नाव बघून थांबू नका. 'इतर हक्क' या रकान्यात आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव कुळ म्हणून आहे का, ते पाहा आणि असेल तर कोणत्या फेरफाराने कमी झालं ते पाहा. ते नाव कोणत्या वर्षी, कुणाच्या जबाबावर निघालं, हे फेरफार नोंदीत लिहिलेलं असतं. दिवाणी किंवा महसूल वकिलाकडे जाताना हीच नक्कल बरोबर न्या.